आल्बानियाच्या डोंगरांत जाण्यापूर्वीं

आपल्याकडील सुखवस्तु कुटुंबांत युरोपच्या प्रवासाचा विषय निघाला म्हणजे त्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो. प्रवासी कंपनीचें रंगीत पत्रक दिवाणखान्यांत येतें. त्यांत बारा दिवसांत सात देश दाखविण्याचें आश्वासन असतें. स्वित्झर्लंडचें बर्फ, पॅरिसचा लोखंडी मनोरा आणि रोमचें पडकें रंगमंडळ यांचीं चित्रें मुलें आळीपाळीनें पाहून घेतात. आणि दोन-चार दिवसांच्या खलबतानंतर असें ठरतें कीं मुलगा, सून व नातवंडें यांनीं जावें. आजी-आजोबांस एवढी दगदग सोसावयाची नाहीं, शिवाय घराकडे पाहावयास कोणी तरी हवेंच. "मला काय करायचंय तिकडे जाऊन?" असें म्हणून आजीही मोकळ्या होतात. ह्या वाक्यांत अनिच्छा किती आणि समजूतदारपणा किती, याचा शोध घेण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं.

ह्या महिन्याचें पान आम्हीं एका निराळ्याच देशासाठीं राखून ठेविलें आहे. तो युरोपांत असूनही त्या रंगीत पत्रकांत क्वचितच सांपडतो. तेथें जाण्याचा बेत नीट आखावयाचा म्हटला तर आरंभ घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या गुडघ्यांपासून करावा लागतो, आणि तसा आरंभ केला तर सगळ्या घराला एकत्र जातां येतें, असें आमचें मत आहे. तो देश म्हणजे आल्बानिया.

इटलीच्या बुटाच्या टांचेसमोर, आड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, ग्रीसच्या डोक्याशीं हा देश नकाशांत दिसतो. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दशांशाहूनही कमी. २०२३ सालच्या शिरगणतीप्रमाणें वस्ती सुमारें चोवीस लक्ष. परंतु एवढ्याशा भूमीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग डोंगरांनीं व्यापिलेला आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच. तेथील कोराब २,७६४ मीटर, आणि उत्तरेकडील ज्या रांगेला लोक 'शापित पर्वत' म्हणतात तींतील येझेर्त्सा हें शिखर २,६९४ मीटर. आल्बानिया हें नांव परकीयांनीं दिलेलें. तेथील लोक आपल्या देशास 'श्किपेरी' म्हणतात व त्याचा अर्थ गरुडांचा देश असा सांगतात. व्युत्पत्ति करणारे पंडित त्यावर कांहींही म्हणोत, तांबड्या ध्वजावर काळा गरुड आहे खरा, आणि तोही दोन डोक्यांचा.

भाषेविषयीं येथेंच सांगून ठेवितों, कारण घरांतील संस्कृतज्ञ आजोबांस प्रवासाची गोडी लावण्याचा हाच सर्वांत सोपा उपाय आहे. आल्बानियन भाषा संस्कृताच्याच विस्तीर्ण भाषाकुळांतली. पण त्या कुळांत ग्रीक किंवा आर्मेनियन यांच्याप्रमाणें तिची शाखा स्वतंत्र आहे. तींत तिनाला 'त्रे' म्हणतात, पांचाला 'पेस', आणि रात्रीला 'नात', जो आपल्या 'नक्तम्' ह्या शब्दाचा दूरचा भाऊ. लिपीचें मात्र फार दिवस अडलें होतें. कोणी ग्रीक अक्षरांत लिही, कोणी अरबी, कोणी रोमन. अखेर १९०८ साली मनास्तिर येथें विद्वानांची परिषद भरली व छत्तीस अक्षरांची रोमन वर्णमाला पुढें सर्वमान्य झाली. स्वातंत्र्याची घोषणा त्यानंतर चार वर्षांनीं, २८ नोव्हेंबर १९१२ रोजीं, व्लोरा येथें झाली. आधीं अक्षरें आणि मग राज्य, हा क्रम आम्हांस तरी मोठा चित्तवेधक वाटतो.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. १९२८ साली झोग नांवाचा एक सरदार राजा झाला. १९३९च्या एप्रिलांत इटलीनें देश गिळला. महायुद्ध संपतां संपतां, १९४४ साली, एन्व्हर होजा यांचें साम्यवादी राज्य सुरू झालें आणि १९८५ साली त्यांचा अंत होईपर्यंत तें त्यांच्याच मुठींत राहिलें. ह्या माणसानें युगोस्लाव्हिया, रशिया व चीन ह्या तिन्ही मित्रांशीं एकामागून एक संबंध तोडले. १९६७ साली मशिदी, चर्चें व मठ बंद करून धर्माचरणालाच बंदी केली. शत्रु येईल ह्या धास्तीनें देशभर काँक्रीटच्या लाखाहून अधिक टेंगळी खंदक-चौक्या बांधिल्या. शत्रु आलाच नाहीं, चौक्या मात्र शेतांत, स्मशानांत व समुद्रकांठीं अद्यापि उभ्या आहेत. खासगी मोटार बाळगण्यास १९९०च्या सुमारापर्यंत मनाई होती. हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, रस्ते, खानावळी, वेळापत्रकें ह्या ज्या गोष्टी इतर युरोपांत शंभर वर्षांत हळूहळू घडल्या, त्या येथें तीस-पस्तीस वर्षांत घाईनें उभ्या राहिल्या आहेत. बेत आखणाऱ्यानें हें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढील अर्धी चिडचीड टळते.

आतां बेताकडे वळूं. पहिला प्रश्न ऋतूचा. उत्तरेकडील डोंगर युरोपांतील अतिवृष्टीच्या प्रदेशांत मोडतात. हिंवाळ्यांत तेथें इतकें बर्फ पडतें कीं खेड्यांचा जगाशीं संबंध तुटतो, आणि उंच खिंडींतलें बर्फ जूनच्या आरंभापर्यंत रेंगाळतें. उलट जुलै-ऑगस्टांत समुद्रकिनारा तापतो व गर्दीनें फुलतो. तेव्हां जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर हेच खरे दिवस. आपल्या शाळांची सुटी एप्रिल-मे महिन्यांतली, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. ज्यांना मे महिन्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं खिंड ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा. दऱ्या तेव्हांही पाहतां येतात, आणि वितळत्या बर्फानें नद्या त्या दिवसांत दुथडी भरून वाहत असतात.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि येथेंच पुष्कळांचा हिशेब चुकतो. नकाशावर बोट ठेवून "हें तर अवघें सत्तर किलोमीटर" असें म्हणणाऱ्यास ह्या देशांत शिक्षा होते. डोंगरांत अंतर किलोमीटरांत मोजूं नये. तें तासांत मोजावें, आणि बरोबर वृद्ध व मुलें असतील तर त्या तासांची दीडपट करावी. राजधानी तिराना येथून उत्तरेचें श्कोडर शंभर किलोमीटर, रस्ता सपाट, दोन तास पुरतात. पण श्कोडरहून डोंगरांतील थेथ गांव त्याहून जवळ असूनही अडीच-तीन तास घेतें. ह्या रस्त्याचें डांबरीकरण अगदीं अलीकडचें. वळणें मात्र जुनींच राहिलीं आहेत. ज्यांना घाटांत मळमळतें त्यांनीं आलेपाक, लिंबू, आवळासुपारी जें काय घ्यावयाचें तें हाताशीं ठेवावें.

रेल्वेवर विसंबून कोणताही बेत करूं नये. गांवोगांव 'फुर्गोन' नांवाच्या लहान मोटारी धांवतात; त्या भरल्या म्हणजे निघतात, आणि त्यांतल्या बहुतेक सकाळींच निघून जातात. दोघां तरुणांना त्यांत मौज वाटेल. सात-आठ माणसांच्या कुटुंबानें मात्र चालकासह एक मोठी गाडी ठरवून घ्यावी. आपल्यापैकीं कोणी स्वतः गाडी हांकण्याची हौस धरील, तर ती त्यानें सपाटीवर भागवावी.

कागदपत्रांची गोष्ट कंटाळवाणी, पण टाळतां येत नाहीं. भारतीय पारपत्रावर आल्बानियाचा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज घरबसल्या संगणकावरून करतां येतो. ज्यांच्यापाशीं शेन्जेन देशांचा, ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा असून तो एकदां वापरून झालेला आहे, त्यांना निराळा व्हिसा न घेतां प्रवेशाची सवलत दिलेली आहे. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटें काढण्यापूर्वीं वकिलातीच्या सूचना पाहाव्या. आणखी एक मेख आहे. आल्बानिया शेन्जेन मंडळांत नाहीं. कोणी रोम पाहून आल्बानियास जाणार व पुन्हां व्हिएन्नास परतणार असेल, तर त्याचा शेन्जेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असून चालत नाहीं. परततांना दाराबाहेर उभें राहण्याचा प्रसंग येतो.

पैशांचें नाणें 'लेक'. डोंगरांत रोख रक्कमच चालते. येथें नवख्याचा हमखास गोंधळ होतो तो असा: १९६५ साली चलन बदलून दहा जुन्या लेकांचा एक नवा लेक केला, परंतु लोकांच्या जिभेवरून जुना लेक अद्यापि उतरलेला नाहीं. त्यामुळें शंभर लेकांची वस्तु दुकानदार सहज 'हजार' म्हणून सांगतो. तो लबाडी करीत नसतो. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडीं पुष्कळ वर्षें आणे-पै राहिले होते, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां पाकीट उघडण्यापूर्वीं किंमत कागदावर लिहून घ्यावी.

इतकी सिद्धता झाल्यावर वाट कोणती धरावी? आमचा सल्ला असा कीं, पंधरा दिवस हाताशीं धरावे व त्यांतले निम्मे उत्तरेस द्यावे. पहिले दोन दिवस तिरानांत विसांवा घ्यावा. आपल्याकडून थेट विमान नसल्यानें इस्तंबूल किंवा अन्य एखाद्या शहरीं उतरून जावें लागतें, व वृद्धांचें अंग त्या जागरणानें मोडून आलेलें असतें. तिरानांत जमिनीखालच्या सरकारी तळघराचें संग्रहालय केलें आहे, तें मोठ्या मुलांना अवश्य दाखवावें.

तेथून श्कोडर. हें गांव सपाट असल्यानें वृद्धांस पर्वणी आहे. म्हातारीं माणसें देखील तेथें सायकलीवरून बाजारास जातात. संध्याकाळीं मोटारींना मज्जाव असलेल्या रस्त्यावर सगळें गांव फिरावयास निघतें; ह्या फेरीला ते 'जीरो' म्हणतात. आजोबा, मुलगा, सून, बाबागाडींतलें मूल अशा तीन-तीन पिढ्या एका रांगेंत संथपणें जातात, ओळखीच्यांशीं दोन शब्द बोलतात, वळतात आणि पुन्हां तोच रस्ता चालतात. खरेदी नाहीं, घाई नाहीं. छायाचित्रांची आवड असणाऱ्यांनीं येथील मारुबी संग्रहालय चुकवूं नये. इटलीहून आलेल्या प्येत्र मारुबीनें १८५८च्या सुमारास येथें छायाचित्रें काढावयास आरंभ केला व पुढें त्याच्या चित्रशाळेनें पिढ्यान्‌पिढ्या ह्या प्रदेशाचे चेहरे टिपून ठेविले.

गांवाबाहेर टेकडीवर रोझाफा नांवाचा किल्ला आहे. त्याची दंतकथा एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. तिघे भाऊ किल्ला बांधीत. दिवसां बांधलेली भिंत रात्रीं ढांसळे. एका वृद्धानें सांगितलें कीं, उद्यां तुमच्या बायकांपैकीं जी जेवण घेऊन येईल तिला भिंतींत चिणा. घरीं कोणी बोलावयाचें नाहीं अशी शपथ झाली. थोरल्या दोघांनीं ती मोडून आपापल्या बायकांस सावध केलें; धाकट्यानें पाळली. दुसऱ्या दिवशीं सासूनें हांक मारली तेव्हां दोघी जावांनीं कामाचीं निमित्तें सांगितलीं, आणि धाकटी तान्हें मूल घरीं ठेवून शिदोरी घेऊन गेली. तिला सर्व कळलें तेव्हां तिनें एवढेंच मागितलें कीं, एक डोळा, एक हात, एक पाय व एक स्तन भिंतीबाहेर ठेवा, म्हणजे बाळाला पाहतां, गोंजारतां, झोके देतां व पाजतां येईल. किल्ल्याच्या दगडांवरून पांढुरकें पाणी झिरपतें, तें तिचें दूध, असें लोक मानतात. अशा कथा बाल्कनांत इतरत्रही आहेत. आणि तळ्याला पाणी लागावें म्हणून धाकट्या सुनेचा बळी देणारी 'केरेगे हार' ही कन्नड लोककथा आपल्या शेजारींच आहे. घराच्या भिंती कोणाच्या जिवावर उभ्या राहतात हें सर्वत्र बायकांना ठाऊक होतें. कथा पुरुषांनींही सांगितली, एवढेंच नवल.

श्कोडरहून पहाटे निघून कोमानचें धरण गांठावें. द्रिन नदीला बांध घालून केलेला हा जलाशय उभ्या कड्यांच्या फटींतून नागमोडी गेलेला आहे. मोटारी वाहून नेणारी मोठी नाव कोमानहून फिएर्झास सुमारें अडीच-तीन तासांत पोंचते. पुढें कडा आडवा येऊन वाट संपली असें वाटतें, आणि नाव वळली कीं पाण्याची नवी गल्ली उघडते. आमच्या मतें ह्या सबंध प्रवासांत यासारखें दुसरें दृश्य नाहीं. आणि विशेष असें कीं, तें पाहावयास पायांचे कष्ट मुळींच नाहींत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बांकावर बसून आल्प्सचें अंतरंग पाहावयास मिळतें.

फिएर्झापासून वालबोनाची दरी रस्त्यानें गांठतां येते. येथून पलीकडे थेथला जावयाचें तर दोन वाटा आहेत, आणि घराची फोड करण्याची जागा हीच. चांगल्या पायांच्या मंडळींनीं सुमारें १,८०० मीटर उंचीची खिंड पायीं ओलांडावी. सहा ते आठ तास लागतात, सामानासाठीं खेचर मिळतें, आणि बारा-तेरा वर्षांचीं धडधाकट मुलें ही वाट आनंदानें चालूं शकतात. वृद्धांनीं व लहानग्यांनीं घरांतील एका जबाबदार माणसासह नावेनेंच श्कोडरास परतावें, रात्र तेथें काढावी व दुसऱ्या दिवशीं गाडीनें थेथला यावें. एक दिवसाच्या अंतरानें दोन्ही तुकड्या थेथला भेटतात, आणि प्रत्येकीपाशीं दुसरीस सांगण्यासारखें कांहीं तरी असतें. 'आम्ही थांबतों, तुम्ही जाऊन या' असें म्हणण्याची पाळी कोणावर येत नाहीं. जबाबदार माणूस म्हणजे दर वेळीं सूनच, असें मात्र धरून चालूं नये. खिंड तिलाही ओलांडावयाची असेल.

थेथमध्यें १८९२ साली बांधलेलें एक चर्च आहे, धबधबा आहे, आणि एक दगडी बुरूज आहे. ह्या बुरुजाला लहानशा झरोक्यांखेरीज खिडक्या नाहींत. खुनाबद्दल खून हा जो सूडाचा कायदा ह्या डोंगरांत चालत असे, त्यांत ज्याच्यावर पाळी आली तो पुरुष तडजोड होईपर्यंत अशा बुरुजांत लपून राही. पंधराव्या शतकांतील लेक दुकाग्यिनी ह्या सरदाराच्या नांवानें चालत आलेली ही तोंडी संहिता, 'कानून', एका फ्रान्सिस्कन पाद्र्यानें खेडोपाडीं फिरून टिपून घेतली, व त्याच्या मृत्यूनंतर १९३३ साली ती ग्रंथरूपानें निघाली. हा विषय गमतीचा नव्हे. कांहीं कुटुंबें आजही ह्या वैराच्या भीतीनें घराबाहेर पडत नाहींत, म्हणून यजमानाला त्याविषयीं हंसत-खिदळत प्रश्न विचारूं नयेत.

त्याच संहितेची दुसरी बाजू अशी कीं, घराचे पहिले धनी देव व अतिथि, आणि घरमालक त्यांच्या मागून. तैत्तिरीय उपनिषदांतील अतिथीविषयींचें वचन आपण घरोघर भिंतीवर लाविलें. ह्या दरिद्री डोंगरी लोकांनीं त्याचा कायदा केला, आणि अतिथीच्या केसाला धक्का लागला तर त्याचा सूड सख्ख्या बापाच्या सुडाहून मोठा मानला. दिलेल्या शब्दाला ते 'बेसा' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं देश व्यापिला तेव्हां ह्याच बेसाला जागून शेतकऱ्यांनीं ज्यू कुटुंबांस घरांत लपविलें. युद्धापूर्वीं आल्बानियांत जितके ज्यू होते त्यांहून युद्धानंतर अधिक होते. नाझींच्या टांचेखालीं गेलेल्या दुसऱ्या कोणत्याही देशाविषयीं असें सांगतां येणार नाहीं.

आतां ह्याच घरांनीं पैसे घेऊन पाहुणे ठेवण्यास आरंभ केला आहे. कित्येकांस हें खटकतें. अतिथिधर्माचा बाजार झाला असें ते म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९८९च्या शिरगणतींत ह्या देशाची वस्ती बत्तीस लक्षांच्या घरांत होती. ती चोवीस लक्षांवर आली, कारण तरुण मंडळी इटली, ग्रीस व जर्मनीस निघून गेली. डोंगरांतलीं खेडीं तर ओस पडत होतीं. पाहुण्यांच्या पैशानें त्यांतल्या कांहीं घरांच्या चुली उन्हाळ्यापुरत्या पुन्हां पेटल्या. कित्येक घरीं आजही आजी-आजोबाच राहतात, मुलें परदेशीं, आणि भिंतीवर नातवंडांचीं छायाचित्रें. आपल्या पुण्या-ठाण्याच्या सदनिकांत याहून निराळें काय आहे? आपल्या आजी अशा एखाद्या घरीं ओट्यावर बसल्या तर त्यांना दुभाष्याची गरज पडेल असें वाटत नाहीं. भिंतीवरील छायाचित्राकडे बोट दाखविलें कीं संभाषण सुरू होतें. म्हणून म्हणतों, त्यांना बरोबर न्यावें.

यजमानाच्या दारांत पादत्राणें काढावीं लागतात, हें निराळें शिकवावें लागणार नाहीं. आल्याबरोबर 'राकी' हें जहाल मद्य पुढें येतें. नको असल्यास उजवा हात छातीवर ठेवून मान लववावी, कोणी रागावत नाहीं. मानेच्या बाबतींत मात्र सावध राहावें. जुन्या माणसांत मान आडवी हलविणें म्हणजे होकार व उभी हलविणें म्हणजे नकार. आणि आपली ती तिरपी, ना होकार ना नकार अशी डोलणारी मान तर त्यांना अगदींच बुचकळ्यांत टाकते. 'पो' म्हणजे होय आणि 'यो' म्हणजे नाहीं, हे दोन शब्द पाठ असले म्हणजे झालें. उपकार मानावयाचे तर 'फालेमिंदेरित'.

शाकाहारी मंडळींची काळजी आम्हीं विसरलों नाहीं. डोंगरांत मक्याची भाकरी, घट्ट दहीं, पांढरें खारें चीज, टोमॅटो-काकडी, मध व अक्रोड हें घरोघर मिळतें. पालक किंवा चीज भरून केलेला पदराचा 'ब्युरेक' वाटेंत कोठेंही मिळतो. ढोबळी मिरची, टोमॅटो व छेन्यासारखें चीज एकत्र शिजवून 'फेर्गेस' करतात; भाकरीशीं तें फार चांगलें लागतें. घेवड्याची उसळ सर्वत्र आहे, पण तींत कधीं मांसाचा अंश असतो, आणि फेर्गेसांतही एखादे ठिकाणीं काळीज घालतात. म्हणून आधीं विचारावें. सकाळीं चहाऐवजीं 'डोंगरी चहा' येतो, तो रानांतल्या एका वनस्पतीचा काढा असतो. आपला चहा घरूनच न्यावा. मेतकूट, लोणचें व भाजणी न्यावी किंवा नाहीं ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. आजी तें ठरवितीलच.

उत्तर आटोपल्यावर दक्षिणेस चार-पांच दिवस पुरेत. वाटेंत क्रुया लागतें. पंधराव्या शतकांत स्कंदरबेगानें येथील डोंगरी किल्ल्याच्या आश्रयानें पंचवीस वर्षें तुर्की फौजांना दाद दिली नाहीं. मराठी माणसाला येथें कोणाची आठवण होईल हें सांगावयास नको. फरक एवढाच कीं, १४६८ साली तो वारल्यावर दहा वर्षांतच क्रुया पडलें व त्याचें राज्य मागें उरलें नाहीं. पुढें बेरात व ग्यिरोकास्तर हीं दोन जुनीं गांवें. बेरातच्या उतरणीवर घरांच्या खिडक्यांच्या रांगा एकीवर एक चढत गेल्या आहेत, आणि वरच्या किल्ल्यांत आजही लोक राहतात. ग्यिरोकास्तरांत छपरेंही दगडी, रस्तेही दगडी. पाऊस पडला म्हणजे हे रस्ते साबण लावल्यासारखे होतात, म्हणून वृद्धांसाठीं वरच्या अंगाचें नव्हे तर मोटार दारापर्यंत येईल असें घर शोधावें. होजा १९०८ साली ह्याच गांवीं जन्मले, आणि त्यांच्या राज्याची भीति कादंबऱ्यांतून जगापुढें मांडणारे इस्माइल कादारे हेही १९३६ साली येथेंच. कादारे २०२४ साली निवर्तले. वाचणाऱ्यांनीं निघण्यापूर्वीं त्यांची एखादी कादंबरी इंग्रजीतून वाचून घ्यावी. ग्रंथांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों: इंग्लंडांतील ईडिथ डरॅम ह्या बाई आजारी आईची सेवा करतां करतां स्वतः खंगल्या, व डॉक्टरांनीं हवा पालटण्यास सांगितलें म्हणून ह्या मुलुखाकडे वळल्या. ह्या उत्तरेच्या डोंगरांतील प्रवासावर त्यांनीं १९०९ साली प्रसिद्ध केलेलें पुस्तक अद्यापि वाचनीय आहे.

परतीचें विमान तिरानाहून. तेथील विमानतळाला मदर टेरेसा यांचें नांव दिलेलें आहे. त्या १९१० साली स्कोप्ये येथें एका आल्बानियन घरांत जन्मल्या आणि १९२९ साली आपल्या देशीं आल्या, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्यांची आई व बहीण पुढें तिरानांत राहिल्या, हें थोड्यांना ठाऊक असतें. होजांच्या राज्यांत ना त्या दोघींना बाहेर पडतां आलें, ना मुलीला आंत येतां आलें. १९७२ साली आई गेली, १९७३ साली बहीण, आणि मदर टेरेसांचें पाऊल त्या देशांत पडलें तें १९८९ साली. विमानाची वाट पाहत बसलेल्या वेळांत मुलांना ही हकीकत सांगावी.

राहतां राहिला एक दिवस. पंधरांपैकीं तो मुद्दाम मोकळा सोडावा. डोंगरांत पाऊस लागतो, दरड येते, नाव सुटत नाहीं, कोणाचें पोट बिघडतें. आणि यांतलें कांहींच झालें नाहीं तर तो दिवस श्कोडरला काढून संध्याकाळीं त्या रस्त्यावर फेऱ्या घालाव्या. औषधें दुप्पट घ्यावीं, अर्धीं हातांतल्या पिशवींत ठेवावीं. कोमानच्या नावेंत गर्दीच्या दिवसांत जागा मिळत नाहीं, ती कांहीं दिवस आधीं राखून ठेवावी लागते. माणसें मोजतांना आजींची धरून मोजावीं.